सर्व्हरचे निकमसाहेब

मे महिन्यात, नाशकातलं डांबर चपलेला चिकटत असताना, सातपूरच्या रस्त्यावर लोकरीचा स्वेटर आणि माकडटोपी घालून स्कूटरवर चाललेला माणूस तुम्ही कधी पाहिला असेल, तर ते आमचे निकमसाहेब. वेडेबिडे अजिबात नव्हते. आमच्या कारखान्यात सर्व्हर रूम त्यांच्या ताब्यात होती आणि त्या खोलीत यंत्रासाठी बारा महिने एसी चालू असे. "मग तिथे पोचल्यावर घाला ना स्वेटर," असं मी नवीन असताना एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "राजे, घालायला दोन मिनिटं, काढायला दोन मिनिटं. रोज चार मिनिटं मी कुठून आणू?"

ते सगळ्यांना राजेच म्हणत. शिपायालाही राजे आणि एमडींनाही राजे.

ही गोष्ट नव्वदीच्या अखेरची. मी ड्रॉइंग ऑफिसात नुकताच लागलो होतो. आम्ही बाराजण बारा मशीनवर सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचो, पण ती ड्रॉइंग आमच्या मशीनवर नसायचीच. ती सगळी निकमसाहेबांच्या खोलीतल्या त्या एका मोठ्या सर्व्हरवर. फाइल असायची तिकडे आणि दिसायची इकडे, जणू आपल्याच मशीनच्या पोटात आहे. सोय मोठी झकास, पण सर्व्हर रेंगाळला की बाराच्या बारा जण हात चोळत बसायचे. मग कुणीतरी उठून काचेवर टकटक करायचं, "साहेब, सर्व्हर स्लो आहे."

झालं! निकमसाहेब दार किलकिलं करायचे, खिशातून स्टॉपवॉच काढायचे आणि विचारायचे, "स्लो म्हणजे किती?"

"म्हणजे... फारच."

"फारच हे माप नाही राजे. सेकंदात सांग. काल किती लागत होते, आज किती लागतायत?"

काल किती लागत होते ते कुणाच्या बापाला ठाऊक! माणूस ओशाळून परत यायचा. निकमसाहेबांकडे मात्र काल, परवा आणि गेल्या दिवाळीआधी किती सेकंद लागत होते ते सगळं वहीत लिहिलेलं असे. त्यांच्या तोंडून "बहुतेक" हा शब्द मी कधी ऐकला नाही. पाऊस पडेल का विचारलं तरी म्हणायचे, "माहीत नाही." विषय संपला.

त्यांचा दुसरा नियम, एका दिवसात एकच गोष्ट बदलायची. "दोन बदलल्या आणि बरं वाटलं, तर श्रेय कुणाला देशील?" हा नियम ते स्वतःच्या देहालाही लावत. डोकं दुखायला लागलं की आधी चहा घ्यायचे. तासभर थांबायचे. नाहीच उतरलं तर गोळी. चहाबरोबर गोळी त्यांनी जन्मात घेतली नाही. कॅन्टीनमधला आचारी एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, लय झालं तुमचं, घ्या ना दोन्ही संगट!" त्यावर ते पंधरा मिनिटं बोलले आणि तेवढ्यात त्या आचाऱ्याचं डोकं दुखायला लागलं.

आणि यंत्राशी ते अहिराणीत बोलत. मूळचे सटाण्याकडचे. आमच्याशी शुद्ध मराठी, साहेब लोकांशी इंग्रजी, पण सर्व्हर कुरकुरला की त्याच्या कपाटावर तळहात ठेवून हळूच म्हणायचे, "काय व्हयनं रे तुले?" मी काचेतून पाहिलंय. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा हात.

तर त्या वर्षी सर्व्हर खरोखरच आजारी पडला. आधी थोडा, मग दर आठवड्याला जास्त. जे ड्रॉइंग चार सेकंदात उघडायचं त्याला चाळीस लागायला लागले. त्यातच पुण्याहून नवे मॅनेजर आले होते, सबनीस. त्यांना नव्या जागी काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यांनी फर्मान काढलं, पंधरा दिवसांत कारण सापडलं पाहिजे आणि ज्याच्यामुळे हे झालं त्याचं नाव माझ्या टेबलावर आलं पाहिजे.

निकमसाहेब कामाला लागले. सोमवारी केबल बदलली. मंगळवारी तारा जोडायच्या डबीत तार दुसऱ्या भोकात खोचली. बुधवारी टॉर्च घेऊन छताच्या पोकळीतून तार जिथून जाते तिथून स्वतः सरपटत गेले, माकडटोपीसकट, आणि कबुतराची दोन अंडी बघून परत आले. "कबुतराचा काही दोष नाही," असं वहीत लिहिलं. गुरुवारी डिस्क तपासली. दररोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तेच एक ड्रॉइंग उघडायचं, स्टॉपवॉच दाबायचं आणि आकडा लिहायचा. आकडा काही हलेना.

आणि मी? सर्व्हरच्या नावाने सगळ्यात मोठ्याने बोंबलणारा मीच होतो. "काय भंगार सर्व्हर आहे! काम कसं करायचं माणसाने?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण देवाशपथ सांगतो, चोर मीच आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सगळे जेवायला गेले होते, मी एकटाच डबा खात होतो.

"राजे, डिस्क ठीक आहे, तार ठीक आहे. मग मी विचार केला, सर्व्हरकडे लोक येतात ते मागतात तरी काय? मोजलं. वाचायला जवळपास कुणी येतच नाही. लिहायला त्याहून कमी. सगळे नुसते विचारतायत. 'ही फाइल बदलली का? ती बदलली का?' दिवसभर तेच. बिचाऱ्याला उत्तरं देण्यातून सवड नाही, तो काम कधी करणार?"

तेवढ्यात माझ्या मशीनने "पीं" केलं.

सांगतो काय ते. आमची ड्रॉइंग तपासून झाली की सर्व्हरवरच्या 'तपासलेली' नावाच्या फोल्डरात पडायची. ती आली का हे बघायला सारखं सारखं फोल्डर उघडायचा कंटाळा यायचा. म्हणून मी एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. तो दर सेकंदाला त्या फोल्डरातल्या एकेका ड्रॉइंगला विचारायचा, तू नवीन आहेस का? नवीन असलं की पीं. ऑफिसात माझी वाहवा झाली. सगळ्यांनी मागितला, मी बाराही मशीनवर घालून दिला. निकमसाहेबांना सांगितलं नाही, कारण ते नाही म्हणाले असते. तेव्हा त्या फोल्डरात पन्नास ड्रॉइंग होती. आता चार हजारांवर गेली होती. बारा मशीनं, दर सेकंदाला, चार हजार वेळा तोच प्रश्न.

"हे पिल्लू कुणाचं?" निकमसाहेबांनी विचारलं.

"माझं, साहेब."

त्यांनी स्टॉपवॉच खिशात ठेवलं. "कन्फर्मेशनचं पत्र कधी आहे तुझं?"

"पंधरा तारखेला."

"हं," म्हणाले आणि गेले. मी अर्धा डबा तसाच बंद केला. निफाडला वडिलांनी गावभर सांगून ठेवलं होतं, पोरगा परमनंट होतोय म्हणून.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. निकमसाहेबांनी फळ्यावर सगळं समजावलं. प्रोग्राम बंद केल्यावर ड्रॉइंग पुन्हा चार सेकंदात उघडलं हेही सांगितलं. सबनीस खुर्चीत पुढे झुकले. "उत्तम. आता नाव."

पिल्लू कुणाचं ते ठाऊक असलेले बाकीचे अकराजण फळ्याकडे बघत राहिले, आणि मी वहीत रेघा ओढत बसलो. तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं, ही माझी लाज मी लपवत नाही.

"माझं," निकमसाहेब म्हणाले. "चाचणीसाठी लावला होता. काढायचा राहिला."

उभ्या आयुष्यात "बहुतेक" न म्हटलेला माणूस धडधडीत खोटं बोलला. आणि काय वाईट बोलला! कान लालबुंद, नजर फळ्यावर. पण सबनीसांना पटलं, कारण निकम खोटं बोलत नाहीत हे त्यांच्याही कानावर गेलेलं होतं. त्यांनी शिक्षा दिली, तीन महिने रोज एक तास जास्त थांबून दिवसभराचा अहवाल लिहायचा. पाचऐवजी सहाला सुटायचं.

निकमसाहेबांचा चेहरा एकदम उतरला. "त्याऐवजी सकाळी एक तास लवकर आलो तर? दोन तास लवकर येतो."

"नो. सहा म्हणजे सहा."

एका तासाचं एवढं काय, मला कळलं नाही.

पंधरा तारखेला मला पत्र मिळालं. ऑफिसात आभार मानायची सोय नव्हती, म्हणून पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर दोन खोल्या. दार एका बाईंनी उघडलं. शेजारच्या मंदाताई. मला बघून त्यांचा पहिला प्रश्न, "निकमभाऊंच्या ऑफिसातले का? अहो, काय चाललंय तुमच्याकडे? साडेपाचला मला माझ्या घरी स्वयंपाकाला लागावं लागतं. रोज उशीर! आणि साडेपाच वाजले की ह्या ऐकत नाहीत, चपला शोधायला लागतात."

ह्या म्हणजे साहेबांच्या आई. दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसलेल्या, लहानशा, नऊवारीतल्या.

"नाना उनात का रे?" त्यांनी मला विचारलं.

"नाना आले का, विचारतायत. नाना म्हणजे यांचे मिस्टर," मंदाताई हळू आवाजात म्हणाल्या. "जाऊन नऊ वर्षं झाली. विसरतात. भाऊ आले की जरा शांत होतात."

निकमसाहेब आले ते धावतच. टोपी हातात. आईने विचारलं, "नाना उनात का?" ते खाली बसले, तळहात तिच्या गुडघ्यावर ठेवला. "वाटवर शेतस माय. येतीन." वाटेवर आहेत, येतील, हे ऐकून आई हसली. मिनिटभराने पुन्हा तेच. पुन्हा तेच उत्तर, त्याच आवाजात. मी समोर बसून मोजायला लागलो आणि चौदावर सोडून दिलं. चौदाव्यांदाही त्यांच्या आवाजात तसूभर वैताग नव्हता. मला रडू आवरेना, आणि पेढ्यांचा पुडा हातातच राहिला.

"साहेब, मी उद्या सबनीसांना खरं सांगतो."

"गाढव आहेस. पत्र हातात आहे ना? गप बस." आणि चहा टाकायला आत गेले.

मी गप बसलो नाही. सकाळी केबिनमध्ये जाऊन सगळं ओकलो. निकमसाहेबांचा जादा तास रद्द झाला, माझं कन्फर्मेशन सहा महिने पुढे गेलं, वडिलांनी आठवडाभर फोन घेतला नाही. निकमसाहेब तर चार दिवस माझ्याकडे बघतही नव्हते. पाचव्या दिवशी पाचला निघताना माझ्या टेबलाशी थांबले. "गुरुवारी संध्याकाळी मंदाताईंना भजनाला जायचं असतं आणि मला आईची औषधं आणायला. तासभर येऊन बसशील, राजे?"

तेव्हापासून दर गुरुवारी मी साहेबांच्या आईजवळ बसू लागलो. त्या विचारायच्या आणि मी सांगायचो, "वाटवर शेतस माय. येतीन." अहिराणीतलं मला हे एकच वाक्य येतं, पण ते पक्कं येतं.