यमुनाबाईंचा धूर

वाघेरीत कुणाच्या परसातला धूर कुंपण ओलांडून गेला, तर नगरपंचायत तो धरून कोंडवाड्यात घालते. म्हशींच्या शेजारच्या खणात ठेवतात, तिथं वारा कमी लागतो. याबद्दल गावात कुणाची तक्रार नाही. नियम म्हणजे नियम.

दिनकरराव जंगम हे एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांच्या घरचा धूर मागच्याच्या मागच्या थंडीत धरला गेला. त्यांच्या पत्नी यमुनाबाई रोज सकाळी परसात पेरूचा पाचोळा पेटवायच्या आणि निखाऱ्यात रताळी पुरायच्या. धूर नेला तेव्हा दिनकरराव म्हणाले होते, "जाऊ दे की. उद्या दुसरा होईल." तो होतही राहिला, पण पाडव्यानंतर यमुनाबाई गेल्या आणि पुन्हा काही झाला नाही.

यंदा घंटागाडीच्या भोंग्यावरून पुकारा झाला, की बेवारस धूर शुक्रवारी सकाळी सोडून देणार.  दिनकररावांनी लगेच अर्ज दिला.

मालकाची शेकोटी विझलेली असेल तरच धूर परत मिळतो. निरीक्षक येऊन परसात उकिडवे बसले, राखेत हात घालून पाहिला.

"अगदी गार आहे."

"हो. गारच असते आता."

"मग अडचण नाही," निरीक्षक म्हणाले आणि हात झटकून गेले.

शुक्रवारी कोंडवाड्याचे राखणदार मुबारकभाई दारातच उभे होते. आत सात-आठ धूर जमिनीला टेकून पडले होते.

"ओळखा, अण्णा."

"सगळे सारखेच दिसतात रे."

"दिसणारच. जनावर मालकाच्या हाकेला येतं, ह्यांचंही तसंच. मारा हाक."

आता आली पंचाईत. शेकोटी पेटवायच्या यमुनाबाई, हे नुसते शेकायचे धनी. धुराला हाक मारायची वेळच कधी आली नव्हती. त्यांनी गाईला बोलावतात तसं "ये, ये" करून पाहिलं. मग जरा अदबीनं "चला, घरी चला" म्हणाले. एकही हलला नाही.

"अण्णा, आता छपराचा पत्रा काढावा लागंल. साहेबांचा हुकूम आहे," मुबारकभाई म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं.

पत्रा सरकला. वारा शिरला, धूर उठायला लागले. दिनकररावांच्या नाकातोंडात कुणाकुणाचा धूर गेला, जोराचा ठसका लागला आणि जन्मभराची कुरकुर आपसूक तोंडातून निघाली.

"अगं, दर वेळी माझ्याच तोंडावर काय सोडतेस? जरा तिकडं वळव की!"

कोपऱ्यातला एक बारीकसा धूर वर जाता जाता थांबला. वळला आणि सरळ त्यांच्या तोंडावर आला. त्याला भाजल्या रताळ्याचा वास होता.

"हाच," मुबारकभाई म्हणाले आणि त्यांनी फाटक उघडलं.

दिनकरराव पुढं, धूर मागं, असे दोघे बाजारपेठेतून निघाले. "आणला का?" लोक विचारत होते. "आणला," दिनकरराव सांगत होते.

घरी येताच धूर न विचारता पेरूला वळसा घालून गार राखेवर जाऊन उभा राहिला. दिनकररावांनी पाट घेतला आणि वाऱ्याची दिशा बघून पलीकडं बसले. धूर त्यांच्याकडं वळला. ते उठून अलीकडं आले. तो अलीकडं आला.

"बरं," दिनकरराव म्हणाले.

नुसता धूर तो, ऊब काही नव्हती. पण त्यांनी दोन्ही हात पुढं धरले, आणि पूर्वी आतून चहाची हाक येईपर्यंत बसायचे, तसे बसून राहिले.