मूळ डगल्यात करावयाच्या दुरुस्त्या

संस्थापकांच्या डगल्याला कसर लागल्याचे संग्रहालयाच्या लक्षात आले, तेव्हा ती लागून तीन वर्षे झाली होती. यात दिरंगाई कोणाचीच नव्हती. वार्षिक तपासणीच्या तक्त्यात 'चोरी', 'आग' आणि 'गळती' असे तीनच रकाने होते आणि कसर त्यांतल्या कशातच बसत नव्हती. अखेर तिची नोंद 'चोरी'खाली 'अल्प प्रमाणात, सुरू आहे' अशी करण्यात आली. ती मीच केली, कारण संग्रहालयाचा लिपिक मी आहे.

डगला दोनशे वर्षांपूर्वीचा. ज्यांनी कालवा खणवून आमच्या शहराला पाणी आणले, त्या संस्थापकांच्या अंगावरचा. त्यांची तेवढी एकच वस्तू शिल्लक होती. म्हणून समितीने ठरवले की मूळ डगला पेटीत विश्रांतीला ठेवावा आणि काचेच्या कपाटात त्याची हुबेहूब प्रतिकृती लावावी. ती हाताने शिवलेली असावी, त्या काळच्या पद्धतीने, शिलाई यंत्राचा वाराही न लागलेली. तशी जाहिरात निघाली. अर्जदाराला 'संबंधित कालखंडात प्रत्यक्ष काम केल्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव' असावा, ही अट वेशतज्ज्ञांनी सुचवली. वेशतज्ज्ञांचा ऐतिहासिक बाह्यांवर मोठा ग्रंथ आहे. सुईत दोरा त्यांनी कधी ओवलेला नाही. त्याने अभ्यासकाची तटस्थता जाते, असे त्यांचे मत आहे.

अर्ज एकच आला. तो माझ्या आत्याचा होता आणि तिच्या वतीने मीच भरला होता. आत्याने चाळीस वर्षे नाटक मंडळ्यांचे कपडे हाताने शिवले. अनुभवाच्या रकान्यात मी 'सहा राजवटी' असे लिहिले आणि समितीने तिला बहुमताने पात्र ठरवले. कार्यालयीन वेळेत ती माझी आत्या नसेल, असे हमीपत्र तेवढे मला लिहून द्यावे लागले.

मागच्या खोलीत खिडकीशी तिला एक टेबल दिले. अस्तर उसवल्याशिवाय आतली शिवण दिसणार नाही, असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. अस्तर उसवण्याच्या परवानगीला सहा सह्या लागतात. पाच सह्या आठवडाभरात झाल्या. सहावे अधिकारी रजेवर होते, ते महिन्याने आले. तोवर कसर विनापरवाना काम करत राहिली.

अस्तर उसवल्यावर आत्याने दोन दिवस सुई हातात धरली नाही. नुसती बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली.

"ये रे. पुतण्या म्हणून नको, तुझं हमीपत्र मोडेल. लिपिक म्हणून ये. हे बघ, कापड उलटवलंय. बाहेरून विटलं, तेव्हा सगळा डगला उसवला, आतली बाजू बाहेर घेतली आणि पुन्हा शिवला. भरल्या घरात असलं कुणी करत नाही. आणि हा उजवा खांदा बघ कसा झिजलाय. हा माणूस मातीची पाटी खांद्यावरून वाहायचा."

"संस्थापकांनी कालवा खणवला असं पाठ्यपुस्तकात आहे," मी म्हणालो.

"असेल. पाठ्यपुस्तकाला खांदा नसतो."

मग तिने बाहीचे कोपर उलगडले. दोन्ही कोपरांना ठिगळे होती, आणि भोवती इतके बारीक रफू की बोट फिरवले तरच लागावे. "बाकीच्या डगल्याचे टाके असे कलतात," ती म्हणाली, "उजव्या हाताच्या शिंप्याचे. ठिगळांचे बघ. उलटे कलतात. डावखुरी बाई आहे ही."

"बाई कशावरून?"

"ठिगळाचं कापड बाईच्या कपड्याचं आहे, कडेला जुनी वेलबुट्टी आहे बघ. स्वतःचा कपडा फाडून दुसऱ्याच्या कोपराला लावणारा पुरुष मी तरी अजून पाहिलेला नाही."

मी कार्यालयात जाऊन संस्थापकांचे अधिकृत चरित्र चाळले. त्यात पत्नीचा उल्लेख नाही. घोड्याचा आहे, नावासकट.

जाहिरातीत 'हुबेहूब' असा शब्द होता. आत्याने तो मनावर घेतला. तो शब्द आम्ही प्रत्येक जाहिरातीत घालतो, हे तिला कुणी सांगितले नव्हते. ती उजव्या हाताची. उलटे टाके उजव्या हाताने घातले की चोरासारखे ओळखू येतात, म्हणून ती डाव्या हाताने शिवायला शिकली. सत्तरीला टेकलेली बाई डाव्या हाताने कुलपे उघडू लागली, डाव्या हाताने दात घासू लागली, मला पत्ते पिसायला लावून डाव्या हाताने वाटू लागली. दोन महिने बोटांच्या चाळण्या झाल्या. सातव्या महिन्यात डगला तयार झाला. ठिगळाशी ठिगळ, झिजेशी झीज. दोन्ही शेजारी ठेवले तर कोणता कोणता, ते तिलाच विचारावे लागे.

समिती पाहणीला आली. वेशतज्ज्ञांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"ठिगळ?"

"दोन आहेत," आत्या म्हणाली.

"संस्थापकांना ठिगळ?"

"मूळ डगल्याला आहेत ना."

"बाई, मूळ डगला मूळ आहे, म्हणून त्याला चालतं," वेशतज्ज्ञ समजुतीने म्हणाले. "प्रतिकृतीला दर्जा सांभाळावा लागतो."

संचालकसाहेबांची अडचण वेगळी होती. कपाटात डगला ज्या पुतळ्याला घालायचा, तो चौकातल्या संस्थापकांच्या स्मारकाच्या मापाने केलेला होता. त्याची छाती अठ्ठेचाळीस इंच. डगला बसला बत्तीस इंची माणसाला. पुतळा बारीक करावा, असे शिपाई दारातून म्हणाला; त्याला चहा आणायला पाठवण्यात आले. छाती अठ्ठेचाळीस असल्याचा ठराव नगरसभेत पूर्वीच एकमताने मंजूर होता. शिवाय संग्रहालयाच्या दिवाणखान्यातल्या संस्थापकांच्या तैलचित्रात डगल्याला जरीची किनार होती. ते चित्र संस्थापकांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, त्यांना कधी न पाहिलेल्या चित्रकाराने काढले, म्हणून समितीच्या मते ते पूर्वग्रहमुक्त होते.

आत्याच्या डगल्यावर आतल्या बाजूने न पुसणाऱ्या शाईचा 'अमान्य' असा शिक्का मारण्यात आला आणि तो तिला पोच घेऊन परत करण्यात आला. नवी मापे दिली गेली. छाती अठ्ठेचाळीस, जरीकाठ, ठिगळे निरंक.

"नाही म्हटलं तर?" आत्याने मला विचारले.

"काम रद्द. मूळ डगला आहे तसाच, उसवलेला, पेटीत जाईल."

तिने मूळ डगल्याचे उसवलेले अस्तर नीट घडी करून ठेवले. मग म्हणाली, "बरं. शिवते."

नवा डगला तिने तीन आठवड्यांत शिवून दिला आणि उरलेला वेळ मूळ डगल्याची भोके भरण्यात आणि अस्तर परत लावण्यात घालवला. इतक्या लवकर कसा झाला, असे साहेबांनी कौतुकाने विचारले. "याला कुणाच्या अंगाला बसायचं नव्हतं," ती म्हणाली. साहेबांनी ते आभार म्हणून इतिवृत्तात घ्यायला सांगितले.

उद्घाटन थाटात झाले. गर्दी लोटली. जरी लखलखली, पुतळ्याची छाती फुगली. सगळे सुरळीत झाले असते, पण वर्षअखेरीस तपासनीस आले आणि त्यांनी एक छापील प्रमाणपत्र मागितले: 'प्रदर्शित प्रतिकृती व मूळ वस्तू परस्परांशी तंतोतंत जुळतात.' पेटी उघडली. जुळत नव्हत्या.

समितीची तातडीची बैठक झाली. तीन मार्ग होते. प्रमाणपत्राचा मजकूर बदलणे शक्य नव्हते, तो छापील होता. प्रतिकृती बदलणे शक्य नव्हते, तिचे उद्घाटन झाले होते. मूळ डगला मात्र छापीलही नव्हता आणि त्याचे उद्घाटनही कधी झालेले नव्हते. सबब, 'मूळ डगल्यात प्रतिकृतीनुसार आवश्यक त्या दुरुस्त्या करणेबाबत' असा आदेश आत्याच्या नावे निघाला. ठिगळे काढावीत, कापड जोडून छाती वाढवावी, जरीकाठ लावावा. मसुदा माझा होता. भाषा सोपी ठेवली होती.

आत्या आदेशाचा कागद घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेली. मी वही घेऊन मागे उभा राहिलो.

"हे मी करणार नाही. तिच्या टाक्यांना मी हात लावणार नाही."

"कुणाच्या?" साहेबांनी विचारले.

"जिनं हे रफू केलंय तिच्या."

"तिची कुठे नोंद आहे का?"

"हीच तिची नोंद आहे, साहेब. दुसरी कुठलीच नाही."

साहेब विचारात पडले. माणूस वाईट नाही. त्यांनी घंटी वाजवली, वेशतज्ज्ञांना बोलावले आणि अर्ध्या तासात तोडगा निघाला. मूळ डगला जर प्रतिकृतीशी जुळत नाही आणि जुळवूनही घेत नाही, तर तो मूळ असण्याबद्दलच शंका घ्यायला जागा आहे. बत्तीस इंची छाती, ठिगळे, मातीचा खांदा, उलटवलेले कापड. हा 'अज्ञात इसमाचा जुना कपडा' असून तो दोनशे वर्षे चुकून संस्थापकांच्या नावावर राहिला, असे टिपण तयार झाले. कसर लागलेला जुना कपडा संग्रहात ठेवता येत नाही. तो जाळावा लागतो.

नियमाप्रमाणे त्याआधी पंधरा दिवस जनतेचे मत घेणे बंधनकारक आहे. दोन काचेच्या पेट्या शेजारी मांडल्या, एकीत जुना डगला, एकीत नवा. पक्षपात नको म्हणून पाट्या लावल्या नाहीत. मध्ये एक वही ठेवली आणि वर प्रश्न लिहिला: 'यांपैकी संस्थापकांचा अस्सल डगला कोणता?'

आत्याचा चेहरा त्या दिवशी कित्येक महिन्यांनी उजळला. "झालं तर मग," ती म्हणाली. "लोकांना कळेल रे. समिती बसून बघते, लोक उभं राहून बघतात."

पंधराही दिवस ती आली. जुन्या डगल्याच्या पेटीशेजारी एका स्टुलावर बसायची. उत्तर सांगायची तिला मनाई होती, पण कुणी विचारले तर ती म्हणायची, "कोपराकडे बघा. सावकाश बघा." लोक कोपराकडे बघत आणि सावकाश पुढे जात. बाराव्या दिवशी एक इस्त्रीवाला आला. तो वाकून बराच वेळ कोपर पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "कुणीतरी फार मायेनं केलंय हो हे." आत्याने पदर डोळ्यांना लावला. त्या आशेवर तिने पुढचे तीन दिवस काढले.

निकाल असा. नव्या डगल्याला दोन हजार तीनशे चौदा. जुन्याला सात. सातांपैकी पाच जणांनी, घरचे हसल्यामुळे, दुसऱ्या दिवशी येऊन आपले मत खोडले. उरलेल्या दोघांत एक इस्त्रीवाला होता आणि एक आत्या. आत्याचे मत हितसंबंधामुळे बाद झाले. कर्मचाऱ्यांना मत नव्हते, आणि त्याबद्दल मी नियमांचा ऋणी आहे.

डगला एका दुपारी मागच्या अंगणात जाळला. पंच म्हणून मी आणि शिपाई होतो. आत्या आली होती. तिने फक्त एक ठिगळ मागितले. तळहाताएवढे. नष्ट करावयाच्या वस्तूचा कोणताही भाग कोणासही देता येत नाही, हा नियम मी तिला वाचून दाखवला. शब्द स्पष्ट होते.

तिने माझ्याकडे पाहिले. "तुला बोलता येत नव्हतं ना," ती म्हणाली, "तेव्हा तू फार गोड होतास."

त्यानंतर ती संग्रहालयात आली नाही. अमान्य डगला तिच्या घरी दाराजवळच्या खुंटीला आहे. थंडी पडली की ती तो घालते. तिला तो नेमका बसतो. मी गेलो तर चहा देते, बोलते, पण शिवण खाली ठेवत नाही. परवा माझ्या लक्षात आले की ती आता उजव्या हाताने शिवतच नाही.

प्रमाणपत्र दाखल झाले. फाइल बंद झाली. बंद करण्यापूर्वी अभिप्रायांची वही मी पानापानाने तपासली, ते माझे कामच आहे, आणि त्यात, वाचक महाशय, आपला अभिप्रायही सापडला. चौथ्या दिवसाचा आहे. अक्षर वळणदार आहे. 'नवी पिढी काहीही म्हणो, अस्सल वस्तू डोळ्यांना लगेच कळते,' असे आपण लिहिले आहे आणि 'लगेच'खाली रेघ मारली आहे. त्या दिवशी आपण नव्या डगल्यासमोर कुटुंबासह फोटोही काढलात. स्टुलावरची म्हातारी मध्ये येत होती, म्हणून आपण तिला जरा बाजूला सरकायला सांगितलेत. ती सरकली. फोटो चांगला आला असेल.