लुडविकने कुरण कापलं

“एका दुपारात अख्खं कुरण साफ करतो! तू फक्त बस पकडायची तयारी ठेव!” लुडविकने फोनवर छाती ठोकून सांगितलं.

फोनच्या पलीकडे ओतिलिया होती, त्याची बायको. नात झाली म्हणून महिनाभरासाठी ग्राझ शहरात लेकीकडे गेली ती हिवाळा संपला तरी तिकडेच! आणि इकडे गावी, ब्लोकेच्या पठारावर, लुडविक एकटा. सवयीने दोघांपुरतं सूप करायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वाटचंही स्वतःच प्यायचा. तिच्या उशीवर मांजर झोपायला लागलं होतं. हाकलावं, तर तेवढीच सोबत!

“इथे चौथ्या मजल्यावर खिडकी उघडली की नुसता डांबराचा वास,” ओतिलिया म्हणाली होती. “गवत कापलंस की सांग. मी येते. दोघं मिळून वाळवू. तो वास घ्यायचाय मला पोटभर.”

‘मी येते’ या दोन शब्दांनंतर लुडविकच्या कानात घंटाच वाजायला लागल्या. पुढचं ऐकतोय कोण!

घरचं कापणी यंत्र गंजून पडलं होतं, त्यावर आता कोंबड्या बसायच्या. म्हणून ट्रॅक्टर घेऊन तो यंत्रं भाड्याने देणाऱ्या बोगोमिरकडे गेला.

“काय कापायचंय?” बोगोमिरने विचारलं.

“गवत.”

“ते कळलं रे! कापून करायचंय काय?”

“बायको आणायचीय.”

“तसलं यंत्र अजून निघालं नाही, बाबा!” बोगोमिर हसला. “हे बघ, हे लांब दातेरी पातं. कात्रीसारखं चालतं, गवत अख्खंच्या अख्खं आडवं निजवतं. चाऱ्यासाठी याला तोड नाही. पण काम सावकाश, आणि दगड लागला की दात पडतात.”

“म्हणजे त्याचे नि माझे दात सारखेच म्हणायचे. पुढचं?”

“हे गोल फिरणाऱ्या पात्यांचं, माजलेलं रान झोडपायला. ते बुटकं बंगलेवाल्यांचं. तुझ्या कुरणात घातलंस तर गुदमरून मरेल. आणि हा राक्षस! याच्या फिरत्या दांड्याला लोखंडी हातोड्या लटकतात. गवत, काटे, झुडपं, काही दे, सगळ्याचा भुगा!”

“भरभर चालतो?”

“वाऱ्यासारखा. पण भुगा होतो हं, नंतर गवत...”

“हाच जोड!”

आणि लुडविक निघाला, स्वारीवर निघालेल्या सरदारासारखा!

गवत कमरेएवढं, वर सकाळच्या दंवाने भिजलेलं. जरा वेळात यंत्र तुंबलं. इंजीन बंद करून लुडविक उतरला, आतला लगदा उपसला आणि पुन्हा तुंबू नये म्हणून मागचं झाकण वर करून तारेने बांधून टाकलं. काय डोकं चालवलं! त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

मग वाऱ्याने दिशा बदलली.

हिरवा लगदा कारंज्यासारखा उडाला. निम्मा लुडविकच्या डोक्यावर, निम्मा कुंपणापलीकडे शेजारच्या युस्तिनाने वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर!

“लुडविक!” युस्तिना किंचाळली. ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला वाटलं, ती शाबासकी देतेय. त्याने हात हलवला. तिने तडक ग्राझला फोन लावला.

“ओतिलिया, तुझा नवरा हिरवागार पडलाय! डोक्यापासून पायापर्यंत! आणि आता... अगंबाई, आता तर गवतात आडवाच झालाय!”

एवढं बोलून ती उरलेल्या चादरी वाचवायला धावली. फोन तिने बंद केला, की तो पडला, देव जाणे.

लुडविक दमून आडवा झाला होता, इतकंच. संध्याकाळी तो अंगणात बादलीत डोकं बुडवून बसला होता, तेव्हा फाटक वाजलं. वर बघतो तर ओतिलिया! पायात घरातल्याच चपला, केस विस्कटलेले.

“तू जिवंत आहेस?” तिने विचारलं.

“अगं, मी तुला कळवणारच होतो...”

“सबंध रस्ता रडत आले मी, मूर्खा!” असं म्हणून तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग तिथेच हात ठेवून उभी राहिली.

जरा वेळाने ती कुरणाकडे गेली. मूठभर लगदा उचलून तिने वास घेतला.

“लुडविक, हा तर वाटलेला पालक आहे. यातलं वाळवू काय मी?”

“वाळवायचं होतं?”

“फोनवर सांगितलं होतं ना!”

“मी ‘येते’पर्यंतच ऐकलं गं.”

ती त्याला परत अंगणात घेऊन आली. त्याला पायरीवर बसवून केसातल्या आकड्याने त्याच्या कानातलं गवत काढत राहिली. कान कधीच साफ झाले होते. लुडविकने काही तसं सांगितलं नाही.

सकाळी लेकीचा फोन आला. बाळ आजीशिवाय दूध पीत नव्हतं. बसथांब्यावर ओतिलिया म्हणाली, “आता पुन्हा वाढू दे. या खेपेला दातेरी पात्याने काप. मग येईन, गवत वाळेपर्यंत राहीन.”

“आणि पाऊस आला तर?”

“तर आणखी राहीन.”

बस वळणाआड जाईपर्यंत तो उभा राहिला. मग घरी येऊन त्याने विहिरीचा पंप सुरू केला आणि नळी ओढत कुरणात गेला. दुपारी आभाळ भरून आलं, धो धो कोसळायला लागलं. लुडविक नळी धरून तसाच उभा!

“अरे वेड्या, पाऊस पडतोय!” युस्तिना खिडकीतून ओरडली.

“पडू दे की!” लुडविक ओरडला. “त्याचं पाणी तो घालतोय, माझं मी घालतोय!”