कॉन्रॅडचा मांडव उतरेना

आशालताबाई गल्लीत पडल्या त्या सकाळी दिनानाथ पापलेट आणायला गेले होते. निळी नायलॉनची पिशवी घेऊन ते परतले, तेव्हा बाई ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि शेजारची इझाबेल त्यांच्या गुडघ्यावर बर्फ धरून होती. कुणीतरी स्कूटरवाला पदराला घासून गेला, बाई गटाराच्या कडेला आपटल्या, आणि तो थांबलाही नाही.

"कोण होता?" दिनानाथांनी विचारलं.

"पाठमोरा होता," आशालताबाई म्हणाल्या आणि गुडघ्याकडे बघू लागल्या.

दिनानाथांनी पिशवी तिथेच टाकली आणि गुन्हेगाराच्या शोधाला निघाले. दुपारपर्यंत ते फिरत होते. पापलेटं शेवटी मांजराने खाल्ली.

पापडी गावातली ही गल्ली दहा फूट रुंद. एका टोकाला बाजार, दुसऱ्या टोकाला क्रूस. बाजाराचा रस्ता तुंबला की जगातली प्रत्येक दुचाकी गल्लीत घुसते. पायी चालणाऱ्यासाठी गटारावरच्या फरशा आहेत, पण त्यातली प्रत्येक तिसरी गायब आहे. अशा गल्लीत गुन्हेगार शोधायचा म्हणजे चेष्टा नव्हे. पण दिनानाथांनी सरकारी नोकरीत तीस वर्षं आवक-जावक विभाग सांभाळला होता. त्यांनी वही उघडली आणि गेटात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या दुचाक्यांचे नंबर वेळेसकट उतरवू लागले. गतिरोधकासाठी अर्जही केला. तो पुढे पाठवला आहे असं उत्तर आलं. अर्ज पुढे जातो म्हणजे कुठे जातो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

खरी काळजी गुडघ्याची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, चाळीस दिवस रोज अर्धा तास चालायचं, नाहीतर पाय कायमचा आखडेल. बाई रोज गेटापर्यंत जायच्या, हॉर्न वाजला की परत फिरायच्या. दिनानाथांनी गच्ची सुचवली.

"गच्चीवर कपडे वाळत घालतात, माणसं नाही," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन पडून राहिल्या. तो पडून राहण्याचा सूर दिनानाथांना आवडला नाही. चाळिसातले पंधरा दिवस असेच गेले.

मग इझाबेल आणि तिचा नवरा कॉन्रॅड यांच्या मुलीचं, इनेझचं लग्न निघालं आणि गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मांडव पडला. वाहनं बंद. दिनानाथांची स्कूटरसुद्धा बाजाराच्या टोकाला अडकली. जिन्याखालच्या गंजक्या सायकली बाहेर निघाल्या, पोरं भरधाव फिरू लागली. आणि दुसऱ्या दिवशी आशालताबाई भिंतीला धरून निघाल्या, त्या थेट क्रूसापर्यंत जाऊन आल्या. दिनानाथांना रडू आलं. त्यांनी ते सर्दीवर ढकललं.

पाच दिवसांनी मांडववाला प्रितेश बांबू सोडायला आला. दिनानाथ आडवे आले. प्रितेशने डोकं हलवलं. "काका, कार्य नसताना मांडव उभा ठेवत नाय आम्ही. माझ्या बापाने कधी ठेवला नाय. अशुभ असतं."

"कार्य आहे. आमच्याकडे सत्यनारायण आहे," दिनानाथ म्हणाले. घरात कुणालाच याची कल्पना नव्हती, पण पूजा झाली आणि तीन दिवस मिळाले. प्रसाद घेताना कॉन्रॅडला सगळं उमगलं. तो म्हणाला, क्रूसापाशी नऊ दिवस रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना असते, ती यंदा मांडवात करू. नऊ दिवस मिळाले. एवढ्या भक्तिभावाने दिनानाथ आयुष्यात कधी रोझरीला बसले नव्हते. आशालताबाईंचे आता रोज चार फेरे होत होते.

आठ दिवस कमी पडत होते आणि प्रितेश पुन्हा दारात उभा होता. दिनानाथांनी त्याच्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या रविवारी हर्षवर्धनचा साखरपुडा आहे."

हर्षवर्धन हा त्यांचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा. त्याला ही बातमी गल्लीच्या ग्रुपवरून कळली. त्याने लगेच फोन केला. "बाबा, मला अडचण काही नाही. फक्त मुलगी कोण, तेवढं सांगून ठेवा."

खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण ह्या खोट्याने गल्लीभर फिरून प्रत्येक घरी चहा घेतला. इझाबेलने मोगऱ्याचे हार सांगितले. बायकांनी मुलगी माणिकपूरची की गोखिवऱ्याची यावर दोन तट पाडले. रविवारी सगळी गल्ली ठेवणीतले कपडे घालून मांडवात बसली. समोरच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

दिनानाथ वही घेऊन उभे राहिले.

"साखरपुडा नाही. मी खोटं बोललो. आज हिचा चालण्याचा शेवटचा दिवस होता, म्हणून मांडव हवा होता. हिला पाडून गेला त्या माणसाने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. या वहीत एकशे बारा नंबर आहेत. त्यातला तो कोण, मला माहीत नाही. पण त्याला लाज वाटायला हवी."

आशालताबाई उठल्या. काठी न घेता उठल्या.

"एक नंबर राहिलाय वहीत," त्या हळूच म्हणाल्या. "आपला."

दिनानाथ वही चाळू लागले.

"निळी पिशवी होती हँडलला. पापलेट संपेल म्हणून तुम्ही इतके घाईत होता, की मी तुम्हाला दिसलेच नाही."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही तोंड पाडून घरात बसला असता. मग मांडव कुणी धरून ठेवला असता?"

काखेत कळसा म्हणतात तो हा. दिनानाथ त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले आणि या वेळी रडू सर्दीवर ढकललं नाही. थोड्या वेळाने कॉन्रॅड उठला आणि म्हणाला, वही इकडे द्या काका, माझा नंबर दोनदा आहे त्यात, आणि दोन्ही वेळा मी जोरातच होतो. मग आणखी तिघांनी मान खाली घातली.

मांडव सोमवारी उतरला. पण गल्लीच्या दोन्ही तोंडांना प्रितेशने वाळूच्या पिंपात तीन-तीन बांबू रोवून ठेवले. माणूस जाईल, सायकल जाईल, दुचाकी इंजिन बंद करून ढकलत न्यायची, आणि रुग्णवाहिका आली तर बांबू उपसायचे. सगळ्यांना ते पटलं. हर्षवर्धनचं कार्य ठरलंय म्हटल्यावर ते होईपर्यंत बांबू काढणार नाय, असं प्रितेशने सांगितलं. हर्षवर्धनला लग्नाची अजिबात घाई नाही.

मंगळवारी सकाळी दिनानाथ निळी पिशवी अडकवून स्कूटर ढकलत निघाले. पुढे आशालताबाई गल्लीच्या मधोमध, आपल्या चालीने चालल्या होत्या. स्कूटर जड, ऊन चढलेलं, आणि बाजूने पुढे जायला जागा नाही. दिनानाथ घामाघूम होऊन मागे चालत राहिले.

बाजाराच्या टोकाला पोचल्यावर बाईंनी मागे वळून बघितलं.

"आता दिसतेय ना मी?"

दिनानाथांनी मान डोलावली. पापलेट त्या दिवशी मात्र संपलं होतं, ते बोंबील घेऊन आले.