अप्पांची एकाच मळ्याची कॉफी

अप्पा कॉफी पीत नाहीत, फुरकतात. त्यांच्या गच्चीवरचा तो आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा बायको म्हणाली, "नळाला हवा आली वाटतं, बादली लावा."

अप्पा आमचे शेजारी. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. ती पुतण्याच्या हवाली केली आणि ते घरी कॉफीच्या बिया भाजायला लागले. चहाच्या या गावात हा उद्योग करणारा दुसरा कोणी माझ्या माहितीत नाही. लोखंडी कढईत बिया तडतडायला लागल्या की ते सगळ्यांना दटावतात, "गप्प! बी बोलायलंय!" मग सुपात पाखडतात आणि फोलपटं आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येतात.

दुसऱ्या दिवशी चव घ्यायला बोलावणं.

"काय लागतंय, मास्तर?"

"कडू."

"कडू तर कारलं बी लागतंय की! जीभ जागी करा."

एकदा गारगोटीहून माझे सासरे आले होते. एक घोट घेऊन त्यांनी विचारलं, "गूळ कुठाय?" अप्पा कळवळले. "पावणं, गूळ इकण्यात आयुष्य गेलं. आता तरी सुटका करा की!"

बी मात्र कुर्गमधल्या एकाच मळ्याचं. दुसरीकडचं कुणी कौतुकानं आणलं तर वासही न घेता "साकु!" म्हणतात. साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे.

गेल्या महिन्यात त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "मळ्यात लावा. सांगा, ह्या खेपेला बी जादा वाळलंय."

"मला कन्नड येत नाही, अप्पा."

"मराठी चालतंय तिथं."

पलीकडे एक बाई बोलली. मी शेजारी म्हणून ओळख सांगितली, तशी लगेच म्हणाली, "अप्पा बरं हाईत न्हवं? मी उमा, त्यांची लेक."

अप्पांना लेक आहे, तिनं आपल्या पसंतीनं लांब कुठं लग्न केलं आणि तेव्हापासून अप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं, एवढं गल्लीत कानावर आलं होतं.

"दरसाल पोतं मीच धाडते," ती म्हणाली. "ठेवून घेत्यात, पण बोलत न्हाईत. आवडतंय का हो त्यांना?"

मी फोनवर हात धरला. "आवडतंय का, विचारतेय."

अप्पा रिकाम्या कढईत उलथनं फिरवत राहिले. "सांगा, जादा वाळलंय."

"तुम्हीच सांगा," म्हणून मी फोन पुढं केला.

त्यांनी धोतराला हात पुसले. परत पुसले. मग फोन कानाला लावला.

"पाऊस लई झाला काय गं तिकडं?" शेवटी ते म्हणाले.

मी जिना उतरून घरी आलो.