एकशे आठचा ताप

यंदाच्या मे महिन्यात मी एक छोटासा निर्णय घेतला. घामोळ्यांसाठी डॉक्टरकडे जायचं नाही. जो माणूस तीस वर्षं आर्वीच्या बाजार समितीत कारकुनी करतो, कापसाच्या गाडीकडे नुसतं पाहून ओलावा किती ते सांगतो (बरोबर की चूक ते नंतर मशीन ठरवतं, ते सोडा), त्याला स्वतःच्या पाठीवरचे चार लाल दाणे समजू नयेत?

पाठीला खाज सुटली तसं मी आधी खोबरेल तेल चोपडलं. ते चिकचिक करायला लागलं म्हणून त्यावर पावडर ओतली. पावडरीचे पोपडे निघायला लागले म्हणून पुन्हा तेल. चार दिवसांत पाठीवर असं लिंपण तयार झालं की घामाच्या एका थेंबाला बाहेर पडायची सोय उरली नाही. वरून टेरिकॉटचा सदरा, कारण तो धुवायला सोपा (असं मी म्हणतो, धुते सुमती, माझी बायको). पाचव्या दिवशी चार दाण्यांचे चारशे झाले आणि पाठीवरून ते कमरेवर उतरले.

त्या वेळी आमची चारुता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. नववा महिना लागलेला. घरातला एकुलता एक कूलर तिच्या खोलीत होता आणि मी ओसरीत होतो, दाराच्या चौकटीला पाठ घाशीत. नेमक्या त्याच वेळी सुमतीची मावशी, सुलोचनाबाई, चारुतासाठी कुरड्या घेऊन आल्या.

"काऊन जी जवाईबापू, म्हशीवानी काऊन घासून राह्यले?"

"काही नाही मावशी, जरा खाज."

त्यांनी चष्मा लावला. मला वळवलं. सदरा वर केला. आणि एकदम दोन पावलं मागे सरून त्यांनी माझ्या पाठीला हात जोडले. आयुष्यात माझ्या पाठीला झालेला तो पहिला आणि शेवटचा नमस्कार.

"माता आली! सुमते, लवकर ये, घरात मातामाय आली!"

"मावशी, घामोळ्या असतीन," सुमती म्हणाली.

"घामोळ्या अशा असतेत काय? पाय, कशा भरून आल्या. आपल्या चारूले लहानपणी आलती का माता?"

सुमतीचा चेहरा उतरला. "नाई. तिले कधीच नाई आली."

माता म्हणजे कांजण्या. पोटुशीपणी, त्यातही दिवस भरत आलेले असताना कांजण्या लागल्या, तर आईला आणि बाळाला काय होऊ शकतं हे मी ऐकून होतो. आदल्याच दिवशी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून मी तिला "घाबरू नकोस" म्हणालो होतो. आता मीच इतका घाबरलो की सांगायची सोय नाही. मला काय व्हायचं ते होवो, पण तिला माझ्यामुळे काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवणार होतो?

म्हणून मावशींनी सांगितलं ते सगळं मी मुकाट केलं. माझी रवानगी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत झाली. दाराला कडुनिंबाचा डहाळा, खाटेवर कडुनिंबाचा पाला. आंघोळ बंद, कारण मातेवर पाणी घालायचं नाही. खिडकी बंद, कारण मातेला वारं लागू द्यायचं नाही. अंगावर चादर. खालच्या स्वयंपाकघरात फोडणी बंद, कारण मातेला ती सोसत नाही. औषध तर नाहीच, कारण माता आपल्या पावलांनी येते आणि आपल्या पावलांनी जाते. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं. आत किती होतं ते मोजायला मातेनं परवानगी दिली नव्हती.

घामोळ्या कशानं वाढतात हे मला आज कोणी विचारलं तर मी त्या खोलीचा पत्ता देईन. मुक्कामालाच राहिलेल्या सुलोचनाबाई रोज सकाळी दाराच्या फटीतून पाहायच्या आणि समाधानानं मान हलवायच्या.

"वाढून राह्यली. म्या सांगतलं नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी सुमतीनं दारातून विचारलं, "ताप आहे का जी?"

खोलीतल्या फळीवर आमचं जुनं काचेचं थर्मामीटर होतं. मी ते झटकलं, तोंडात धरलं, पाहिलं. पारा शेवटच्या रेघेला टेकलेला. पुन्हा झटकलं, पुन्हा धरलं. तेच.

"एकशे आठ," मी म्हणालो.

खाली काहीतरी भांडं पडलं. सुलोचनाबाईंचा आवाज आला, "एकशे आठ! जपमाळेचे मणीबी तेवढेच. देवीच हाये, आता तरी पटलं?"

मला स्वतःला भूक कडकडून लागलेली होती आणि डोकंही ठिकाणावर होतं. पण एकशे आठ म्हणजे एकशे आठ. मी खाटेवर आडवा झालो आणि कोणाकोणाला काय सांगून जायचं त्याचा विचार करायला लागलो (यादी फारच छोटी निघाली).

तिसऱ्या दिवशी ठरलं की चारुताला सेलूला, तिच्या सासरी पाठवायचं. जावई धनंजय गाडी घेऊन निघाले होते. त्या उन्हात, नवव्या महिन्यात, खड्ड्यांच्या रस्त्यानं! पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून सुमतीनं सहा महिने खपून लुगड्यांची मऊ दुपटी शिवून ठेवली होती. खाली ती ही दुपटी पिशवीत भरते आहे हे मला वर कळत होतं, कारण ती रडत रडत भरत होती.

जिन्याच्या खालून चारुताची हाक आली.

"बाबा, मी नाई जात."

"जा बेटा. माझं ऐक."

"ताप किती आहे आता?"

"एकशे आठच."

"कालपासून एकशे आठ? अन् तुमी एवढे चांगले बोलून कसे राह्यले?"

मी थर्मामीटर पुन्हा झटकून पाहिलं. चारुतानं तिथूनच आपल्या डॉक्टर ज्योत्स्नांना फोन लावला. त्यांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून. पलीकडून त्या एवढ्या मोठ्यानं "कोणत्या डॉक्टरनं सांगितलं?" म्हणाल्या की मला गच्चीवर ऐकू आलं. दहा मिनिटांत त्यांची स्कूटी दारात होती.

त्यांनी आधी खिडकी उघडली. मग चादर ओढली. मग ओल्या फडक्यानं माझी पाठ पुसली आणि फडक्यावर जे आलं ते माझ्यासमोर धरलं.

"काका, हे काय लावलंय?"

"तेल. त्यावर पावडर. त्यावर तेल."

"चेहऱ्यावर एक दाणा नाही. डोक्यात नाही. पाण्याचा फोड एक नाही. सगळे जिथे सदरा चिकटतो आणि जिथे नाडी बांधता तिथे. या घामोळ्या आहेत, काका. साध्या घामोळ्या."

"पण ताप?"

त्यांनी थर्मामीटर हातात घेतलं, टिनाकडे पाहिलं, पुन्हा थर्मामीटरकडे पाहिलं. मग खालून माठातल्या पाण्याचा तांब्या मागवला, ते त्यात बुडवलं, झटकलं आणि माझ्या तोंडात दिलं. दोन मिनिटांनी म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव. एकशे आठ ताप या खोलीला होता. झटकून पारा खाली येणार कसा, इथली हवाच त्याच्याहून गरम!"

"म्हणजे चारूला..."

"तिला काही होत नाही. घामोळ्या लागत नाहीत कोणाला. गार पाण्यानं दोनदा आंघोळ, अंग कोरडं करा, सैल सुती कपडे, वारा. तेल नाही, पावडरीचे थर नाहीत. पाण्यानं भरलेले फोड किंवा खरा ताप दिसला, तर त्याच दिवशी दवाखान्यात या. तीन दिवस पाल्यावर नाही."

मी त्या पाल्यावरच बसलो आणि रडलो. लाज वगैरे काही वाटली नाही. खाली धनंजयची गाडी आली तेव्हा सुमती पिशवीतून दुपटी बाहेर काढत होती आणि मला शिव्या देत होती. इतक्या गोड शिव्या मी तीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

"म्हंजे म्या घामोळ्याले नमस्कार केला काय?" सुलोचनाबाई शेवटी म्हणाल्या.

मी बादलीभर माठाचं पाणी अंगावर घेत असताना स्वयंपाकघरात मोहरी तडतडली. फोडणीच्या त्या वासानं मला पुन्हा रडू आलं (यात लसणाचाही हात असावा).

त्यानंतर नवव्या दिवशी चारुताला मुलगी झाली. दोघी ठणठणीत. जूनच्या उकाड्यात बाळाच्या मानेवर बारीक लाल पुरळ दिसलं आणि सगळं घर पाळण्याभोवती जमलं. मी घसा खाकरला, खुर्ची पुढे ओढली. इतक्या वर्षांत प्रथमच घरात असा विषय निघाला होता ज्यातलं मला सगळ्यांहून जास्त कळत होतं.

सुमतीलाही ते पटलेलं दिसलं. "चारू," ती म्हणाली, "तुझ्या बाबाले इचार. यायनं काय काय केलतं ते एकेक नीट इचारून घे, अन् त्यातलं एकबी करू नको."

चारुतानं विचारलं. मी सगळं सांगितलं. बाळाची मान दोन दिवसांत साफ झाली.