टीव्ही चालू असल्याचा दाखला

खरं तर हे लिहायचंच नव्हतं. त्याच गल्लीत अजून राहायचंय. पण तो व्हिडिओ ग्रुपाग्रुपांवर फिरतोय आणि त्याच्यासोबत फिरणारी ‘खोक्यासाठी सरकारला फसवलं’ ही हकिगत साफ खोटी आहे, म्हणून घडलं तसं.

एरंडोलजवळच्या एका गावात लोटन नानांच्या घरी टीव्ही होता. लाकडी, सरकत्या दारांचा. अँटेनावर येणारं जुनं प्रक्षेपण सरकारने बंद केलं तेव्हापासून त्यात नुसत्या मुंग्या दिसायच्या. नानांची तक्रार नव्हती. बातम्यांपेक्षा मुंग्या बऱ्या, असं त्यांचं मत.

मग नानांच्या पत्नी यशोदाबाई टीव्हीवर येणार असं ठरलं.

शेतीच्या कार्यक्रमाचे लोक गावात आले होते. त्यांना ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, कसे करतात ते पाहिजे होतं. यशोदाबाईंनी चीक शिजवला, धोतरावर बिबडे घातले आणि हात चालू असताना भरपूर बोलल्या. गुरुवारी संध्याकाळी दाखवणार होते.

"लोकसना घर मी जावाव नही," त्यांनी नानांना बजावलं. "दखसू ते आपलाच टीव्हीवर."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नानांकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं असेल तर नानांनी ऐकलं नव्हतं. हे मात्र ऐकलं. नाना स्वस्तातला पर्याय शोधायला निघाले.

एरंडोलला केबल आणि डिशचं दुकान हितेंद्रचं. तो म्हणाला, "नाना, सगळ्यात स्वस्त म्हणजे फुकटवाली छत्री. एकदा बसवली की महिन्याची कटकट नाही. गच्चीवर हातभर जागा दाखवा."

हातभर जागा नव्हती. यशोदाबाई टीव्हीवर येणार म्हटल्यावर गल्लीतल्या बायांनी आपापले बिबडे यंदा त्यांच्याच गच्चीवर वाळत घातले होते. हितेंद्रने जिन्यावरून एक पाय पुढे टाकला, तोच राखणीला बसलेल्या सुंदरबाई कडाडल्या.

"ओ भाऊ! बिबडावर पाय दिधा ते तंगडं मोडसू!"

"अक्का, वाळतील कधी?"

"वाळतीन तव्हय वाळतीन."

हितेंद्र खाली आला. "मग केबलचा खोका घ्या. खोका फुकट. फक्त त्यात दिसेल ते विकत." त्याच्या पॅकेजात दागिने विकणारं चॅनल सक्तीचं होतं, बंगाली सिनेमे सक्तीचे होते, आणि शेतीचं चॅनल सोडून बाकी सगळं होतं. नवा टीव्ही घ्यावा, तर त्याला दारं नव्हती. दारं लावता येत नाहीत तो टीव्ही बंद झाला हे कळणार कसं, असा नानांचा प्रश्न होता.

शेवटी कोणीतरी जळगावच्या अंकीय संक्रमण सहाय्य कक्षाचं नाव सांगितलं. तिथे जुन्या टीव्हीला खोका मोफत मिळतो. नाना गेले. तिथल्या हेमांगी मॅडमनी विचारलं, "टीव्ही चालू स्थितीत आहे ना? योजना फक्त चालू टीव्हीसाठी आहे."

"चालू आहे. मुंग्या दिसतात."

"मुंग्या हे चित्र धरत नाहीत."

"चित्र यावं म्हणूनच तर खोका पाहिजे, मॅडम."

"आधी चित्र, मग खोका. गुरुवारी संध्याकाळी पाहणीला येते."

नाना परतले ते थेट अमृतच्या दारात. अमृत सुतार, लंगोटीयार. त्याने सगळं ऐकलं, बिडी विझवली आणि पटाशी उचलली. गुरुवारी दुपारपर्यंत टीव्हीच्या पोटातलं सगळं सामान बाहेर आलं, पुढे साधी काच बसली आणि तो रिकामा लाकडी खोका स्वयंपाकघराच्या खिडकीत घट्ट ठोकला गेला. पलीकडे पाटावर यशोदाबाई.

"मी कार्यक्रम कव्हय दखू?" त्यांनी विचारलं.

"तूच कार्यक्रम शे," अमृत म्हणाला.

मॅडम आल्या. गल्ली आधीच येऊन बसली होती. नानांनी सरकती दारं उघडली. काचेमागे यशोदाबाई ओल्या हाताने बिबडा पसरत होत्या. बोलतही होत्या. चीक किती आटवायचा. ऊन कसं पाहिजे. मग म्हणाल्या, "पहिला बिबडा वलाच, गरमगरम, यासले देस. दर सालले. आजलगून यासनी सांगं नही, बरा शे का वाईट शे."

गल्ली खो खो हसली. नाना टोपीशी चाळा करत बसले.

मॅडमनी मोबाईलमध्ये फोटो काढला. "चित्र स्पष्ट. आवाज स्पष्ट."

अमृतचं मन खाऊ लागलं. "मॅडम, आत बाई बसेल शे."

"मलाही दिसतंय. ॲपमध्ये तसा रकाना नाही." त्यांनी बटण दाबलं. "दाखला आला बघा. टीव्ही उत्तम चालू. लाभार्थीला खोक्याची गरज नाही."

"पण चालू नसला तर देत नव्हतात!" नाना उठलेच. "आता चालू आहे तर..."

"बघा, तुम्हाला नियम समजला," मॅडम समाधानाने म्हणाल्या.

खरा कार्यक्रम नेमका त्याच वेळी लागला होता. तो कोणीच पाहिला नाही. गल्लीतला प्रत्येक जण काचेमागच्या यशोदाबाईंचं शूटिंग काढत होता. तोच हा व्हिडिओ. तुम्हालाही आला असेल. तुम्ही हसून पुढे पाठवला असेल. बिबड्याच्या वाक्यापर्यंत काही पोचला नसाल.

नाना मात्र आता रोज सांजेला त्या खिडकीसमोर बसतात. यशोदाबाई भाजी चिरत काहीबाही सांगतात, नाना ऐकतात. परवा अमृतने टोमणा मारलाच.

"लोटन, काच शे म्हनीसन बठस तू. काच काढी टाकी ते उठी जाशी."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "सकायले ये, काच काढी टाक. मी उठाव नही. उठनू ते मालेच त्या खोकामा बसाड अन् दारं लाई दे."